क्लीनरची जागा आणि कॅमेऱ्याचा डोळा

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने मोटार वाहन नियमांत एका लहानशा दुरुस्तीचा मसुदा काढला. ज्या अवजड मालवाहनांत चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा, म्हणजे कॅमेरे, सेन्सर आणि धोक्याचा इशारा देणारा आवाज बसवलेला असेल, त्यांच्यावर क्लीनर ठेवण्याची सक्ती राहणार नाही. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरापासून चाकणच्या कारखान्यांपर्यंत उभ्या असलेल्या ट्रकांच्या केबिनमधील डावीकडची जागा या दुरुस्तीने रिकामी होऊ शकते. त्या जागेचा हा इतिहास.

क्लीनर हे नाव फसवे आहे. (गावाकडे त्याचा ‘किन्नर’ झाला.) काचा पुसणे हे त्याचे सर्वांत किरकोळ काम. ट्रक मागे घेताना ‘येऊ दे, येऊ दे’ असा पुकारा करणे, डाव्या बाजूने कोणी घुसले तर दारावर थाप मारणे, घाटात गाडी थांबली की चाकाखाली दगड लावणे, रात्री मालाची राखण करणे आणि पहाटे तीन वाजता चालकाशी बोलत राहून त्याला जागे ठेवणे, ही त्याची खरी कामे. आज ज्याला ‘ब्लाइंड स्पॉट कॅमेरा’ आणि ‘झोपेचा इशारा देणारी यंत्रणा’ म्हणतात, ती दोन्ही कामे हा मुलगा अल्पशा पगारावर करत होता.

पण मुळात चालकाला जागे का ठेवावे लागते? या प्रश्नाचे उत्तर कायद्याने फार पूर्वी दिले होते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात चालकाच्या तासांवर मर्यादा होती. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ती स्पष्ट केली: सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती.

कायदा चांगला होता. त्याची कक्षा मात्र तोकडी होती. पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या परिवहन संस्थांनाच तो लागू होता, आणि भारतातील बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. शिवाय तास मोजणार कोण? सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चालकांचा दिवस सरासरी सुमारे १२ तासांचा निघाला, आणि जवळपास निम्म्या चालकांनी थकवा वा झोप आलेली असतानाही गाडी चालवत असल्याचे मान्य केले.

तास मोजणारे यंत्र जगात नव्हते असे नाही. टॅकोग्राफ नावाचे उपकरण गाडी किती वेळ, किती वेगाने चालली आणि केव्हा थांबली, हे गोल कागदी चकतीवर नोंदवते. युरोपीय समुदायाने १९७० मध्ये त्याची सक्ती केली, तेव्हा ब्रिटनमधील चालकांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हणून विरोध केला. ब्रिटिश सरकारनेही इतकी टाळाटाळ केली, की अखेर १९७९ साली युरोपीय न्यायालयाला त्या देशाविरुद्ध निकाल द्यावा लागला. नंतर मात्र या हेराचा एक अनपेक्षित उपयोग चालकांच्या लक्षात आला: मालकाने जादा फेरी करायला सांगितली, तर चकती पुढे करून नाही म्हणता येत होते.

भारतातही हा शब्द कायद्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२९ वा नियम धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांत टॅकोग्राफ बसवायला सांगतो. साखर, सिमेंट किंवा मोटारींचे सुटे भाग वाहणाऱ्या ट्रकावर तसे बंधन आले नाही.

आता या पट्ट्याकडे वळू. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ मध्ये टेल्कोने पिंपरीत पाय रोवला, १९७७ मध्ये तिथून पहिले व्यावसायिक वाहन बाहेर पडले आणि १९८६ मध्ये ‘४०७’ आली. त्या काळी देशात विकला जाणारा जड ट्रक बहुधा अर्धवटच असे: चासी, इंजिन, पुढचा पत्रा आणि स्टीअरिंग. केबिन बांधणे हे बॉडी बिल्डरचे काम. तोवर ती उघडी चासी शेकडो किलोमीटर नेणारा चालक तोंडाला फडके गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल चढवून, तात्पुरत्या आसनावर बसलेला असे. माणसाची जागा ही गाडीच्या रचनेत सर्वांत शेवटी विचारात घेतली जाणारी बाब होती. इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर पहिल्यापासून होता. चालकाच्या केबिनमध्ये वातानुकूलन हवे, हा नियम नव्याने बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांना लागू झाला तो १ ऑक्टोबर २०२५ पासून.

म्हणून केबिनमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूकडे चालक एकाच प्रश्नाने पाहतो: ही कोणासाठी आली? पॉवर स्टीअरिंगबद्दल कोणाची तक्रार नाही. ऑक्टोबर २०१५ पासून नव्या मालवाहनांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक आला, त्याचा निषेध आणि स्वीकार दोन्ही झाले. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र तो कुठे तोंड करून आहे यावर मत ठरते.

बाहेर, रस्त्याकडे पाहणारा कॅमेरा हा साक्षीदार. अपघात झाला की दोष मोठ्या गाडीचा, हा रस्त्यावरचा अलिखित न्याय. आणि चालक पळतो तो बहुधा जमावाच्या भीतीने. भारतीय न्याय संहितेतील कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर न कळवता निघून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रक थांबले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, पण ते उपकलम वगळून. अशा वेळी काचेवरचा लहानसा कॅमेरा हा गरीब माणसाचा वकील ठरतो.

आत, चेहऱ्याकडे पाहणारा कॅमेरा वेगळा. केबिन हे चालकाचे कामाचे ठिकाण आहे तसेच घरही आहे. तो तिथेच जेवतो, कपडे बदलतो, झोपतो. तिथले चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि जांभईचा दंड पगारातून कापला जाणार का, ही शंका अवाजवी म्हणता येत नाही.

चाकणमध्ये या शंकेला आणखी एक धार आहे. इथले मोटार कारखाने सुट्या भागांचा फार साठा न ठेवता ते ठरल्या वेळी मागवतात. ट्रक फाटकाबाहेर तासन्‌तास उभा राहतो, तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्यावर कोंडीत अडकतो, आणि गेलेला वेळ पुढे रात्री भरून काढावा लागतो. डुलकी कॅमेऱ्याला दिसते. फाटकावरची प्रतीक्षा त्याच्या चौकटीत येत नाही.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जड वाहनांत आपत्कालीन स्वयंचलित ब्रेक, मार्गिका सोडल्याचा इशारा आणि पेंगुळल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणा सक्तीच्या करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. यांपैकी शेवटीच्या यंत्रणेचे मानक, एआयएस-१८४, प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. पेंगुळलेला चालक कसा ओळखावा, हे तिथे बारकाईने ठरले आहे. त्याला ट्रक सुरक्षितपणे उभा करून झोपता येईल अशी जागा महामार्गालगत किती अंतरावर असावी, हा त्या मानकाचा विषय नाही.

क्लीनरची सक्ती काढा, ही मागणी जुलै २०२५ च्या संपात वाहतूकदारांनी, म्हणजे प्रामुख्याने मालकांनी केली होती. त्यांची बाजू खोटी नाही: मुले या कामाला मिळत नाहीत आणि जो माणूस गाडीवर नाही त्याच्यासाठी दंड भरावा लागतो. पण डावीकडच्या त्या जागेवर आणखी एक काम होत होते. मोटार वाहन कायद्याच्या सातव्या कलमानुसार परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. जुन्या पिढीतील असंख्य चालकांनी उमेदवारीची अशी वर्षे उस्तादाच्या शेजारी बसून, घाट आणि गिअर ऐकत काढली. कॅमेरा रस्ता पाहील, डोळ्यांच्या पापण्याही मोजील. दहा वर्षांनी तो स्टीअरिंगवर बसणार नाही.