बोट एकट्या आईकडे का?

मैत्रिणींनो, मूल मलूल निघालं की 'खाण तशी माती' म्हणत बोट आईकडेच. आमच्या थेरगावात तरी वेगळं काय!

१९५१ साली लंडनमध्ये डॉक्टर डेनिस ली यांनी सात महिन्यांच्या बाळाच्या मेंदूचा आजार नोंदवला. कारण पुढे कळलं: पेशीला ताकद पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे कण कमी पडतात. या कणांची स्वतःची ३७ जनुकं असतात आणि ती आईकडूनच येतात. झालं, बोलणाऱ्यांना आयतं निमित्त!

पण या कणांना लागणारी बाकीची शेकडो जनुकं आईबाप दोघांकडून येतात. १९९५ साली फ्रान्सच्या संशोधकांना हाच आजार असलेल्या दोन बहिणींत अशाच एका जनुकात बिघाड सापडला. त्याची एक प्रत आईची, दुसरी वडिलांची. आईबाप धडधाकट असूनही असं घडतं. म्हणून तपासणीला नवऱ्यालाही न्या, रक्त दोघांचं लागतं.