पारदर्शक लेपाची कुळकथा

कार्बन फायबरच्या बॉनेटवर किंवा आरशाच्या कवचावर जो पारदर्शक थर दिसतो, त्याला मोटारींच्या रंगकामात ‘क्लिअर कोट’ म्हणतात. कार्बनचे तंतू इपॉक्सी नावाच्या कृत्रिम राळेत बसवलेले असतात आणि ही राळ सूर्याच्या अतिनील किरणांनी पिवळी पडून हळूहळू भुरभुरीत होते. ते किरण वरच्या वर अडवणे हे या थराचे खरे काम असून चकाकी हा त्याचा दुय्यम गुण आहे. समृद्धी महामार्गाने बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा-मेहकर ओलांडणारी गाडी वैशाखात जे ऊन झेलते, ते प्रथम या थरावर पडते.

संरक्षक लेपाची परंपरा मात्र फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मंदिरे, मूर्ती व भिंती यांच्यासाठी ‘वज्रलेप’ सांगितला आहे. कच्ची टेंभुर्णी व कवठ, सावरीची फुले, सालईचे बी, धामणीची साल आणि वेखंड यांचा काढा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवून त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस इत्यादी द्रव्यांचा कल्क, म्हणजे वाटण, मिसळावा आणि तो लेप तापलेला असतानाच लावावा, अशी ती कृती आहे. यांतील सालई, धामण, बिब्बा ही झाडे बुलढाण्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रानात आजही आढळतात. वज्रलेप पारदर्शक नव्हता, त्यामुळे त्याला क्लिअर कोटचा जनक म्हणता येणार नाही. परंतु राळ आणि वाळणारे तेल यांचे कवच वस्तूवर चढवण्याची कल्पना तीच आहे.

पारदर्शकतेचा प्रश्न उभा राहिला तो बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, अजिंठ्याच्या लेण्यांत. निजामाच्या राजवटीने बोलावलेले इटालियन तज्ज्ञ लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी यांनी १९२० ते १९२२ या काळात सुटलेला गिलावा पक्का करून चित्रांवर चपड्याचे, म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरील कीटकांपासून मिळणाऱ्या शुद्ध लाखेचे, वार्निश चढवले. ते कालांतराने पिवळे पडले, त्याला भेगा पडल्या आणि मूळचे रंग झाकोळले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तोच थर विद्रावकांनी अत्यंत सावधपणे काढावा लागला, आणि ज्या चित्रांच्या रक्षणासाठी तो चढवला होता त्यांनाच काढताना जपावे लागले, ही गोष्ट मनाला लागते. जो लेप पुढे सुखरूप उतरवता येत नाही त्याला संरक्षण म्हणणे कठीण आहे.

पुन्हा मोटारींकडे वळायचे तर, कार्बन फायबर त्यांच्या जगात ठळकपणे आले ते १९८१ च्या मॅक्लारेन एमपी४/१ या शर्यतीच्या गाडीमुळे, कारण तिचा मुख्य सांगाडाच त्याचा होता. कार्बन फायबरच्या भागांवर आज बहुधा दोन घटकांचा पॉलियुरेथेन लेप देतात, ज्यात राळेत हार्डनर मिसळताच रासायनिक बंध जुळून थर कडक होतो आणि अतिनील किरण शोषणारी द्रव्ये आतील इपॉक्सी सांभाळतात. ही द्रव्येही वर्षांगणिक खर्ची पडतात. थर नुसता मंद झाला असेल तर बारीक वॉटर पेपरने पाण्यात घासून, कंपाउंड लावून रबिंग केल्यास चकाकी परतते. पण त्या प्रत्येक घासणीत एक मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याहूनही पातळ असलेला थर आणखी झिजतो. पापुद्रे सुटले असतील तर सैल थर काढून नवा कोट चढवावा लागतो, आणि हे करताना घासणी विणीपर्यंत गेली तर तंतू कापले जातात व त्या भागाची ताकदच कमी होते.