कावीळ एक, विषाणू अनेक

'कावीळ झाली' या दोन शब्दांमागे पाच वेगवेगळे विषाणू असू शकतात. हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई' दूषित पाणी व अन्नातून पसरतात. 'बी', 'सी' आणि 'डी' प्रामुख्याने रक्तावाटे. यातील प्रत्येकाचे जनुकीय प्रकार आहेत आणि ते देशभर सारखे आढळत नाहीत.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी भोर व वेल्हे तालुक्यांतील ग्रामस्थांच्या रक्ताची तपासणी केली होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत हिपॅटायटिस 'सी'ची प्रतिपिंडे अवघ्या ०.०९ टक्के लोकांत, म्हणजे हजारात एखाद्यातच आढळली. पंजाबातील एका ग्रामीण पाहणीत मात्र हेच प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक होते. असुरक्षित इंजेक्शने आणि तपासणीविना दिलेले रक्त ही या विषाणूच्या प्रसाराची प्रमुख कारणे मानली जातात. त्यामुळे देशाची सरासरी एखाद्या तालुक्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

भारतात 'सी'चा तिसरा प्रकार सर्वाधिक आढळतो, त्याखालोखाल पहिला. 'बी'चे मुख्यतः 'ए' व 'डी' हे प्रकार दिसतात. पूर्व व ईशान्य भारतात 'सी' प्रकारही सापडतो.

'ई'ची कथा अधिक उद्बोधक आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. सुरुवातीला 'ए'ची समजली गेलेली ही साथ 'ई'ची असल्याचे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे स्पष्ट झाले. भारतातील रुग्णांत 'ई'चा पहिला प्रकार, तर डुकरांमध्ये चौथा प्रकार आढळला. म्हणजे येथील साथींचे मूळ डुकरांत नव्हे, तर मैलामिश्रित पाण्यात शोधावे लागते. गर्भवतींसाठी हा आजार विशेष घातक ठरतो.

जनुकीय प्रकारांची ही माहिती उपचारांनाही दिशा देते. पूर्वी 'सी'चा उपचार प्रकार पाहून ठरत असे. आता सर्व प्रकारांवर चालणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत मिळतात. 'बी'वर लस आहे, 'सी'वर अद्याप नाही. त्यामुळे भोर-वेल्ह्यातील तो अत्यल्प आकडा टिकवायचा, तर प्रत्येक रुग्णासाठी नवी सुई आणि तपासलेले रक्त यांना पर्याय नाही.