सुट्टीतले ताट

कळंब तालुक्यातला मे महिना मोठा कठीण. बालाघाटच्या पठारावरचा, मांजरा नदीच्या काठचा हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. रब्बीची ज्वारी केव्हाच खळ्यातून घरात किंवा बाजारात गेलेली असते. शिवार मोकळे, शेतमजुरीला काम नाही. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत आलेल्या असतात आणि घेतलेली उचल फिटली की अंगावर राहिली याचा हिशेब मुकादमाच्या वहीत चालू असतो. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा होऊन गेली की पहिल्या पावसापर्यंत गावात घडण्यासारखे फारसे काही उरत नाही. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागते ती नेमकी याच वेळी. घरात धान्य कमी, गावात काम कमी आणि त्याच दिवसांत शाळेतले दुपारचे जेवणही बंद.

या जेवणाचा हिशेब आपण वर्गात मुलांकडूनच करून घेऊ शकतो. प्राथमिक शाळेतल्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि थोडे तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून सुमारे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १७०० उष्मांकांची धरली, तर शाळेचे ताट त्याची पाव हिश्शाहून थोडी अधिक गरज भागवते. एक मे ते जूनचा मध्य या काळातले रविवार वगळले तर ३८ एक दिवस उरतात. तेवढ्या दिवसांचे प्रत्येक मुलामागे ३ किलो ८०० ग्रॅम तांदूळ आणि ७६० ग्रॅम डाळ होते. सरकारी गोदामाच्या दृष्टीने ही चिमूटच. मुलाच्या दृष्टीने मात्र हे १७ हजारांवर उष्मांक आहेत. ज्या घरात आईने काटकसर करून हा खड्डा भरून काढला, तिथे तो बहुधा तिच्या ताटातून भरला गेला, हेही लक्षात ठेवायला हवे.

सुट्टीत गरीब मुलांना एकत्र आणून खेळवावे आणि जेवू घालावे ही कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात वाल्टर बियोन नावाचे पाद्री होते. १८७६च्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी गिरणगावातली ६८ मुले निवडली आणि शिक्षकांना बरोबर घेऊन त्यांना आपेन्झेलच्या डोंगराळ खेड्यांत नेले. भटकणे, खेळणे, गाणी आणि पोटभर जेवण असा सारा कार्यक्रम होता. युरोपभर पुढे पसरलेल्या 'सुट्टीतल्या वसाहतीं'ची ही सुरुवात. फ्रँकफर्ट, पॅरिस अशा शहरांनी तिचे अनुकरण केले. गंमत अशी की, या शिबिरांच्या चालकांना देणगीदारांची खात्री पटवायची होती, म्हणून त्यांनी निघताना आणि परतल्यावर मुलांची वजने घेतली, छातीचा घेर मोजला आणि तक्ते छापले. बालकांच्या वाढीच्या मोजमापाला असे धर्मादायाने बरेच पुढे नेले.

त्याच १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला आणि दोन वर्षांचा भयंकर दुष्काळ सुरू झाला. मे १८७७मध्ये जोतीराव फुले सत्यशोधक समाजाच्या बांधवांना मदतीचे आवाहन करत होते. कारण पुण्याजवळ धनकवडीला 'व्हिक्टोरिया बालाश्रम' उभा राहिला होता आणि तिथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांना जेवण मिळत होते. सावित्रीबाई आणि त्यांचे सहकारी त्या कामात होते. झुरिकचे शिबिर हवापालटासाठी होते आणि धनकवडीचे मुले जगवण्यासाठी; दोन्ही एका मापाने मोजणे बरोबर नाही. तरीही आईबापांच्या कामाच्या आणि उपासमारीच्या काळात मुलांची वेगळी, सामुदायिक सोय करायची हा विचार मराठी मुलखाला युरोपातून आयात करावा लागला नाही, हे नोंदवण्याजोगे आहे. कळंब त्या वेळी निजामाच्या राज्यात होते.

सुट्टीमुळे मुलांचे वजन खरोखर घटते का, याचे उत्तर मिळाले १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरात. शाळकरी मुलांना सार्वजनिक पैशातून जेवण द्यायला परवानगी देणारा कायदा १९०६मध्ये झाला होता. तो राबवावा की नाही यावर वाद चालू होता. शाळांचे वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्रॉली आणि पाकशिक्षणाच्या प्रमुख मेरियन कफ यांनी वाद घालत बसण्याऐवजी प्रयोग केला. अत्यंत गरीब अशी ४० मुले निवडली. एप्रिल ते जुलै त्यांना शाळेच्या दिवशी सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण दिले. न्याहारीला ओटची लापशी, पाव आणि दूध असे साधे पदार्थ. दुपारच्या जेवणात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ किती जातील याचा आधी हिशेब केलेला. त्याच परिस्थितीतली, पण हे जेवण न मिळणारी ६९ मुले तुलनेसाठी घेतली आणि वेळोवेळी सर्वांची वजने केली.

जेवणाऱ्या मुलांचे वजन दुसऱ्या गटापेक्षा भराभर वाढले, यात नवल नाही. पण आलेख पाहा. वर चढणारी रेषा मध्येच खाली वाकते आणि पुन्हा चढते. ती वाकली तेव्हा व्हिटसन सणाची सुट्टी होती. शाळा बंद, म्हणून जेवण बंद. प्रयोगकर्त्यांनी हा तुकडा मुद्दाम आखलेला नव्हता, पंचांगाने तो त्यांच्या हाती दिला. जेवण सुरू, जेवण बंद, जेवण पुन्हा सुरू अशी रचना आजचा संशोधकही आनंदाने स्वीकारेल. सुट्टीतल्या भुकेचा इतका सरळ पुरावा त्याआधी कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

ब्रॅडफर्डच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. टेबलांवर स्वच्छ चादरी घातल्या होत्या, फुले ठेवली होती. मोठ्या मुली लहानांना वाढत होत्या. अन्नछत्राची कळा येऊ नये याची काळजी घेतली होती. क्रॉली आणि कफ यांना जेवण हा शिक्षणाचाच तास वाटत होता.

१९०६च्या कायद्यात एक भोक होते. शाळा भरत नसेल त्या दिवशी कराचा पैसा जेवणावर खर्च करता येत नसे. ते बुजायला १९१४ची दुरुस्ती लागली. आलेख १९०७चा, कायदा १९१४चा. मधली सात वर्षे मुले सुट्टीत वजन गमावतच होती. पुढे अमेरिकेत १९६८मध्ये उन्हाळी भोजनाचा प्रयोग सुरू झाला आणि १९७५मध्ये त्याला स्वतंत्र कार्यक्रमाचे रूप आले. इंग्लंडमध्ये तर १९१४ नंतर शंभराहून अधिक वर्षांनी हा प्रश्न पुन्हा नव्याने 'सापडला' आणि २०२१पासून देशभर सुट्टीत खेळ, उपक्रम आणि जेवण एकत्र देणारी मोफत शिबिरे सुरू झाली.

खेळ आणि जेवण एकत्र का? केवळ मुले रमावीत म्हणून नव्हे. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात १९७०च्या दशकात तोरून आणि वितेरी या संशोधकांनी लहान मुलांच्या आहाराचा आणि हालचालींचा एकत्र अभ्यास केला. आहारातले उष्मांक थोडे कमी झाले की मूल आधी हालचाल कमी करते, वजनावर परिणाम नंतर दिसतो. शरीर काटकसरी गृहिणीसारखे वागते. हृदय, मेंदू, श्वास यांचा खर्च कमी करता येत नाही, म्हणून पहिली कात्री खेळाला लागते. पळणारे मूल चालू लागते, चालणारे ओट्यावर बसून राहते. वजनकाट्यावर काही दिसत नाही, आणि मोठी माणसे म्हणतात, पोर शहाणे झाले, दंगा करत नाही! याच संशोधकांना दुसरी गोष्ट अशी दिसली की, कुपोषणातून सावरणाऱ्या मुलांना पुरेशा अन्नाबरोबर खेळायलाही लावले, तर नुसते खाऊन बसणाऱ्या मुलांपेक्षा त्यांची उंची अधिक वाढते. म्हणून अन्नाशिवाय खेळाचे शिबिर गरीब मुलावर अन्यायच करते, आणि खेळाशिवाय अन्न अर्धे काम करते.

आता आपल्याकडे येऊ. १९७२च्या दुष्काळाची आठवण कळंबच्या वयस्क माणसांना विचारली की दोन शब्द हमखास येतात: मिलो आणि सुकडी. मिलो ही अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. सुकडी म्हणजे भाजलेले पीठ, गूळ किंवा साखर आणि तेल यांचे कोरडे, मुठीत मावणारे पौष्टिक मिश्रण. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या आयांबरोबर मुलेही कामावर येत आणि तिथे त्यांना सुकडी मिळे. त्या काळी शाळेच्या पंचांगाचा प्रश्नच आला नाही, कारण अन्न आई असेल तिथे पोचत होते. व्यवस्थेत दोष पुष्कळ होते, पण जागा अचूक होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली, तेव्हा शिजवलेले अन्न दूरच होते. ८० टक्के हजेरी असेल त्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ, आणि तोही वर्षातले १० महिने. उरलेल्या दोन महिन्यांत मुलाला भूक लागत नाही असे योजनेने धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले जेवण किमान २०० दिवस देण्याचा आदेश दिला. २० एप्रिल २००४च्या आदेशात महत्त्वाचे वाक्य आले: दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही हे जेवण द्यावे. ब्रॅडफर्डच्या आलेखातले भोक भारतात कागदावर बुजले ते असे.

कळंबला त्याची खरी परीक्षा २०१६मध्ये झाली. सलग अपुऱ्या पावसाने मराठवाड्यातले आठही जिल्हे होरपळले होते. मांजरा धरण आटले होते आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. स्वराज अभियानाच्या याचिकेवर १३ मे २०१६ रोजी न्यायालयाने सुट्टीतल्या जेवणाचा आदेश पुन्हा दिला आणि त्यात अंडे किंवा दुधाची भर घालायला सांगितले. तारीख पाहावी. सुट्टी आधीच सुरू झालेली. मुख्याध्यापक गावी गेलेले, स्वयंपाक करणाऱ्या बाईंना निरोप द्यायचा, तांदूळ शिल्लक किती ते पाहायचे, आणि खिचडी शिजवायला लागणारे पाणी टँकरच्या फेरीवर अवलंबून. शिवाय ४० अंशांच्या उन्हात मुलाने केवळ एका वाढपासाठी बंद शाळेकडे चालत यावे, जेवावे आणि परत जावे अशी अपेक्षा. मोठ्या मुलांना यात लाज वाटते, हे शिक्षकांना सांगायला नको. 'आम्ही जेवायला जातो' आणि 'आम्ही शिबिराला जातो' या दोन वाक्यांत मुलाच्या मानेचा कोन बदलतो.

एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत शाळा बंद असताना, केंद्र सरकारने उन्हाळी सुट्टीतही पोषण आहार देण्याची घोषणा देशभरासाठी केली. दुष्काळाच्या घोषणेशिवाय सुट्टीतला हक्क मान्य झाला, तो महामारीमुळे.

कळंबच्या पंचांगात मात्र दुसरेही भोक आहे आणि ते मेपेक्षा मोठे आहे. दिवाळीच्या आसपास कोयते निघतात (एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी) आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. गंमत म्हणा की दैवदुर्विलास, तालुक्यात रांजणीला स्वतःचा साखर कारखाना आहे, तरी इथली माणसे ऊस तोडायला दूरच्या जिल्ह्यांत जातात. त्यांच्या मुलांसाठी आधी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. नंतर बीड, धाराशिव भागात हंगामी वसतिगृहे सुरू झाली. मूल आजी-आजोबांकडे गावातच राहते, शाळेत जाते आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण गावातच मिळते. वसतिगृह या शब्दाने इमारत डोळ्यांपुढे येते, पण प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती शाळेचीच खोली असते आणि स्वयंपाक करणारी गावातलीच बाई. भांडी, चूल, हिशेबाची वही, शाळा व्यवस्थापन समिती, सगळे तयार. हंगाम संपला की हे सारे बंद होते आणि महिन्याभरात सुट्टी लागते. चूल विझवण्याऐवजी तीच मेमध्ये चालू ठेवली तर नवी संस्था उभारावी लागत नाही. शिबिर सकाळी सातला सुरू करून साडेदहाला जेवण वाढून संपवता येते, म्हणजे ऊनही टळते. विज्ञानाचे उपक्रम सुचवायची तर गरजच नाही: विहिरीतली पाण्याची पातळी, झाडाखालचे आणि पत्र्याखालचे तापमान, गुऱ्हाळातल्या गुळाचे स्फटिक, नदीपात्रातले दगड.

आणि एक मोजमाप. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी आणि जूनच्या पहिल्या दिवशी एकाच काट्यावर, सकाळच्या एकाच वेळी, सारख्याच कपड्यांत मुलांची वजने घ्यावीत. उंचीही घ्यावी. एका मुलाच्या आकड्यावरून काही ठरवू नये. पाणी प्यायल्याने किंवा न प्यायल्यानेही अर्धा किलो इकडेतिकडे होतो. तीस-चाळीस मुलांची सरासरी मात्र बोलू लागते. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन या काळात थोडे तरी वाढायला हवे, त्यामुळे 'घट नाही' हे उत्तरही पुरेसे समजू नये. जेवण चालू असलेल्या आणि नसलेल्या दोन गावांनी आकडे शेजारी मांडले तर १९०७चा आलेख आपल्या तालुक्यासाठी पुन्हा काढता येईल. आकडे वहीत लिहावेत, वर्गात मोठ्याने वाचू नयेत.