एका अनियमित क्रियापदाची कुळकथा

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलाची पहिली खरी कसोटी एका अगदीं चिमुकल्या क्रियापदाशीं लागते. ‘असणें’ या अर्थाचें ‘टु बी’ हें तें क्रियापद. ‘आय ॲम’, ‘यू आर’, ‘ही इज’. काल मात्र ‘आय वॉज’, ‘यू वेअर’. आणि मूळ रूप विचारावें तर ‘बी’, ज्याचा वरील एकाहि रूपाशीं अक्षरमात्र संबंध दिसत नाहीं! इंग्रजीतील इतर क्रियापदांचीं रूपें बहुधा चार किंवा पांच, याचीं आठ. आमच्या शाळेंत हा तक्ता प्रथम फळ्यावर आला तेव्हां मीं उभें राहून विचारलें होतें, “सर, एकाच शब्दाचीं हीं इतकीं निराळीं रूपें कां?” सर मनाचे मोठे प्रेमळ. “अरे, हें अनियमित क्रियापद. त्याला कां म्हणून विचारायचें नसतें, पाठ करायचें असतें,” एवढें बोलून ते पुढच्या ओळीकडे वळले. पुढें मी स्वतः अध्यापक झालों आणि कित्येक वर्षें हेंच उत्तर जसेंच्या तसें माझ्या विद्यार्थ्यांस देत आलों. तें उत्तर अपुरें होतें, नव्हे, चुकीचें होतें, अशी माझी आतां खात्री झाली आहे. आणि त्या चुकीची थोडी भरपाई करावी म्हणून हा लेख.

वस्तुतः ‘टु बी’ म्हणजे एका छपराखालीं नांदणारें तीन धातूंचें एकत्र कुटुंब होय. पहिला धातु ‘ॲम’ आणि ‘इज’ यांचा. संस्कृत ‘अस्मि’ व ‘अस्ति’ यांच्या शेजारीं ग्रीक ‘एस्ति’, लॅटिन ‘एस्त’ आणि जर्मन ‘इस्ट’ हीं रूपें मांडलीं कीं त्यांचें नातें कोणासहि समजावून सांगावें लागत नाहीं. जुन्या इंग्रजींत ‘ते आहेत’ या अर्थीं ‘सिन्द्’ असें रूप होतें. तें संस्कृत ‘सन्ति’चें भावंड. इंग्रजींतून तें नाहींसें झालें, तरी जर्मन भाषेंत तें आजहि नांदत आहे. दुसरा धातु ‘बी’ आणि ‘बीन’ यांचा, आणि तो म्हणजे आपला ‘भू’. संस्कृतांत जेथें ‘भ’ तेथें इंग्रजींत ‘ब’ येतो, हें ‘भ्रातृ’ आणि ‘ब्रदर’ या जोडीवरून दिसेल. याच ‘भू’पासून संस्कृत ‘भवति’, त्यापासून प्राकृत ‘होइ’ आणि त्यापासून आपलें ‘होणें’ आलें. तिसरा धातु ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांचा. तो संस्कृत ‘वस्’ म्हणजे राहणें, मुक्काम करणें. ‘निवास’ आणि ‘वसतिगृह’ या शब्दांत आपण रोज जो धातु उच्चारतों, तोच इंग्रजांच्या भूतकाळांत जाऊन बसला आहे.

हे तीन धातु एकत्र आले कसे? जुन्या इंग्रजींत वर्तमानकाळाच्या दोन स्वतंत्र रूपमाला शेजारीं शेजारीं चालत. एक ‘अस्’ची, दुसरी ‘भू’ची, जी विशेषतः भविष्यकाळाकडे आणि नित्य सत्याकडे झुकणारी होती. भूतकाळाचें काम ‘वस्’कडे होतें. पुढें दोन्ही मालांतील अर्थभेद पुसट झाला, कांहीं रूपें गळालीं, कांहीं टिकलीं, आणि उरलेल्यांचा मिळून एक संसार झाला. अशी तडजोड आपल्याकडेहि झालेली आहे. संस्कृत ‘अस्’ धातूस भविष्यकाळीं स्वतःचें रूप नाहीं. तेथें ‘भविष्यति’ येतें. पाणिनीनें ही गोष्ट अचूक हेरून कांहीं प्रत्ययांपूर्वीं ‘अस्’च्या जागीं ‘भू’ येतो, असें एका सूत्रांत स्पष्ट सांगून ठेविलें आहे. ज्यास आम्ही अनियम म्हणून हात झटकले, त्यालाच त्या महावैयाकरणानें नियमाचें आसन दिलें!

हें नातें युरोपास उमगण्याची कथाहि मनोरंजक आहे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनीं २ फेब्रुवारी १७८६ रोजीं एशियाटिक सोसायटीपुढें भाषण केलें. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या क्रियापदांच्या धातूंत व व्याकरणाच्या रूपांत असलेलें साम्य योगायोगाचें असूं शकत नाहीं. त्या तिन्ही भाषा एका समान उगमापासून निघाल्या असाव्या, आणि तो उगम कदाचित् आतां उरलेलाहि नसेल, असा त्यांचा अभिप्राय होता. तीस वर्षांनीं, १८१६ सालीं, फ्रान्झ बॉप या जर्मन पंडितानें क्रियापदांच्या रूपांचीच पद्धतशीर तुलना करून एका नव्या शास्त्राचा पाया घातला.

तरी ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांतील एक कोडें शिल्लक होतें. धातु एक, मग एका रूपांत ‘स’च्या जातीचा वर्ण आणि दुसऱ्यांत ‘र’ कां? हें कोडें १८७७ सालीं कार्ल व्हेर्नर या डेन्मार्कच्या विद्वानाच्या लेखानें उलगडलें, आणि त्याची किल्ली सांपडली ती वैदिक उदात्तांत. वेदभाषेंत या जातीच्या भूतकाळीं एकवचनांत उदात्त धातूवर पडतो. अनेकवचनांत तो प्रत्ययावर सरकतो. अतिप्राचीन काळीं इंग्रजीच्या पूर्वजांतहि आघाताची हीच रीत होती. आघातामागोमाग आलेला ‘स्’ तसाच राहिला. आघात पुढें सरकला तेथें तो मृदु होत होत ‘र्’ झाला. आघाताची ती रीत इंग्रजीनें केव्हांच टाकली. तिची खूण मात्र या एका जोडींत राहून गेली. आपल्या वैदिकांनीं मुखोद्गत करून जपलेले स्वर लंडनच्या रस्त्यावरील बोलीचें गूढ उकलावयास उपयोगी पडले, याहून विलक्षण योग कोणता? त्याच १८७७ सालीं मुंबई विद्यापीठांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं विल्सन व्याख्यानमालेंत संस्कृत व तज्जन्य भाषांचें शास्त्रीय विवेचन केलें.

येथें एक सावधगिरीचा शब्द सांगणें अवश्य आहे. हीं साम्यें ऐकलीं कीं आपल्यांतील पुष्कळांचा ऊर भरून येतो आणि “इंग्रजी ही संस्कृतापासूनच निघाली” असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. तो टिकत नाहीं. आणि त्याविरुद्ध साक्ष हेंच क्रियापद देतें. ग्रीक व लॅटिन रूपांच्या आरंभीं ‘ए’ आहे, संस्कृतांत ‘अ’. आणि यांत ‘ए’ अधिक जुना, असें स्वरांच्या तुलनेवरून सिद्ध झालें आहे. संस्कृत ही या भाषांची आई नव्हे, थोरल्या मानाची बहीण होय. बहिणीस आई म्हटल्यानें तिचा मान वाढत नाहीं. फक्त नातें चुकतें.

मग इतर क्रियापदें सरळ झालीं आणि हेंच वांकडें कां राहिलें? उत्तर वापरांत आहे. ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळीं ‘होल्प’ होता. आतां तो ‘हेल्प्ड’ आहे. जुन्या इंग्रजींतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढणारें एक संशोधन २००७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांपैकीं आज ९८च अनियमित उरलीं आहेत, आणि जें क्रियापद शंभरपट कमी वापरांत तें दहापट वेगानें नियमित होतें, असें त्यांत आढळलें. क्वचित् लागणारें रूप माणूस विसरतो आणि नियमानें नवें बनवितो. घडोघडी तोंडीं येणारें रूप विसरण्यास सवडच मिळत नाहीं. आपलें ‘जाणें’ पहा. ‘जातो’ हा ‘या’ धातूचा, ‘गेला’ हा ‘गम्’च्या ‘गत’ रूपाचा. इंग्रजी ‘गो’नेंहि आपला भूतकाळ ‘वेन्ट’ हा ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदापासून उसना घेतला आहे. तरी ‘गेला’ म्हणतांना आपल्यास कोणी अपवाद पाठ करावयास लाविला होता काय?

शुद्धाशुद्धाचा अभिमानहि यामुळें थोडा सौम्य व्हावा. एका माणसास उद्देशून ‘यू वॉज’ असें अठराव्या शतकांत चांगले शिकलेले इंग्रज बोलत व लिहीत. १७६२ च्या आपल्या व्याकरणांत रॉबर्ट लाउथ यांनीं त्याचा कडक निषेध केला. आज तो प्रयोग अशुद्ध ठरतो, आणि परीक्षेंत मीहि त्यावर लाल रेघ ओढतों. ओढली पाहिजे, कारण आजचा शिष्टसंमत प्रयोग शिकविणें हें माझें कर्तव्य आहे. पण ती रेघ ओढतांना समोरचा मुलगा अडाणी आहे असें आतां मनांत येत नाहीं. तो नियम शोधीत असतो. आणि नियम शोधणें हेंच तर व्याकरणाचें मूळ.

तेव्हां हल्लीं कोणी “सर, हें असें कां?” म्हणून विचारलें, तर मी खडू घेऊन फळ्यावर ‘अस्’, ‘भू’, ‘वस्’ हीं तीन अक्षरें लिहितों आणि त्यांखालीं तीं आठ रूपें मांडूं लागतों. पाठ तर त्यांस करावें लागतेंच. त्यांतून सुटका नाहीं. परंतु जें आपण पाठ करतों तें परक्याच्या घरचें अडगळीचें सामान नसून दूरच्या नातलगाकडील जुनीं भांडीं आहेत, हें एकदां कळलें कीं मुलें तीं अधिक जपून हाताळतात, असा माझा अनुभव आहे.