वसईचा संत गोन्सालो गार्सिया

वसई म्हटली कीं चिमाजी अप्पांचा १७३९ सालचा विजय आठवतो. परंतु याच वसईंत सुमारें १५५६ सालीं जन्मलेला गोन्सालो गार्सिया ख्रिस्ती समाजाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसतो. पिता पोर्तुगीज, माता एतद्देशीय. जेझुइट पाद्र्यांच्या सहवासांत वाढलेला हा मुलगा त्यांच्याबरोबर जपानांत गेला. तेथील भाषा शिकून त्यानें कित्येक वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. मात्र संघांत प्रवेश देण्याची त्याची विनंती मान्य झाली नाहीं. तेव्हां तो व्यापाराकडे वळला आणि त्यांत त्याचा चांगला जम बसला. एवढ्यावर पुष्कळांचें समाधान झालें असतें! त्यानें व्यापार सोडला आणि मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून प्रवेश केला. पौरोहित्याचा अधिकार या बंधूंना नसतो. सेवा तेवढी वांट्याला येते.

१५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी होऊन तो पुन्हां जपानांत आला. हिदेयोशीपुढें बोलावयाचें तें त्यानेंच. क्योतो येथें या मंडळींनीं मठाजवळ महारोग्यांसाठीं रुग्णालयें उभारलीं. समाजानें दूर लोटलेल्यांच्या जखमा तेथें धुतल्या जात.

१५९६ सालीं ‘सान फेलिपे’ हें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटलें. पाद्री म्हणजे स्वारीचे अग्रदूत, हा हिदेयोशीचा संशय त्यानंतर बळावला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढविण्यांत आलें. त्यांत वसईचा हा दुभाषीहि होता.

रोमनें १८६२ सालीं त्या सर्वांना संतपद दिलें. गास गांवचें चर्च आणि वसईंतील एक महाविद्यालय आज गोन्सालोच्याच नांवानें ओळखलें जातें.