कराडच्या जुन्या पेठा आणि विकास आराखडा : हरकतीचे तीस दिवस

कराड म्हटले की कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि आदिलशाही काळातल्या मशिदीचे जोड मनोरे आठवतात. अलीकडे त्यात स्वच्छतेची भर पडली आहे. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत कराड देशात पहिले आले. २०२२ मध्ये तिसरे आले. हे यश फक्त पालिकेचे नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचे काम शेवटी घराघरातच होते, आणि ते आपल्या मोहल्ल्यांतही झाले.

पण शहर स्वच्छ ठेवणे वेगळे आणि शहर कसे वाढणार हे ठरवणे वेगळे. ते ठरते विकास आराखड्यात. जुन्या पेठांत राहणाऱ्या, दुकान किंवा हातगाडी चालवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला याची माहिती हवी.

जुने शहर का थांबले?

२००१ च्या जनगणनेत कराड पालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ५६ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे ५४ हजारांवर आली. म्हणजे आजूबाजूचा परिसर वाढत असताना तेव्हाच्या हद्दीतली वस्ती थोडी घटली. कारणे समोरच दिसतात. पेठांतले रस्ते अरुंद, पार्किंगला जागा नाही, जुन्या घरांच्या वाटण्या होत गेल्या. नवी घरे मलकापूरला, कॉलेजे असलेल्या विद्यानगर-सैदापूर भागात झाली. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या बाजूने व्यापारही सरकला.

शेजारच्या मलकापूरकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथली चोवीस तास पाण्याची योजना राज्यभर गाजली. प्रत्येक नळाला मीटर आणि जास्त वापराला जास्त दर, असे तिचे साधे तत्त्व आहे. छोट्या गावालाही नियोजन जमते, फक्त हिशेब सर्वांना समजला पाहिजे.

कराडनेही सातत्य पाहिले आहे. पी. डी. पाटील यांनी तब्बल ४२ वर्षे नगराध्यक्षपद सांभाळले. त्याउलट २०२१ अखेर सभागृहाची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. वॉर्डात विचारायला नगरसेवक नसतो, तेव्हा नागरिकांनी स्वतः कागद वाचणे जास्त गरजेचे होते.

विकास आराखडा म्हणजे काय?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक नगरपालिकेला हा आराखडा करावा लागतो आणि वीस वर्षांतून एकदा सुधारावा लागतो. कुठे राहायचे, कुठे व्यापार, कोणता रस्ता किती रुंद, शाळा-दवाखाना-बाग-मंडईसाठी कोणती जागा आरक्षित, हे सगळे त्यात असते.

त्याचे टप्पे असे :

१. आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो.

२. सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो. कब्रस्तान, ईदगाह, मदरसा, उर्दू शाळा यांची नोंद इथेच बरोबर पडली पाहिजे. इथे चुकले तर पुढे दुरुस्ती अवघड जाते.

३. प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर होतो. तेव्हापासून हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात.

४. नियोजन समिती हरकतदारांची सुनावणी घेते.

५. आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो. शासनाने सारभूत फेरबदल सुचवले, तर त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात.

आपल्याकडे बहुतेक वेळा तिसरा टप्पा हातातून निसटतो. नोटीस मराठी पेपरच्या आतल्या पानावर छोट्या अक्षरांत येते. घरात कोणी वाचत नाही. मग कित्येक वर्षांनी बांधकाम परवानगी मागायला गेल्यावर कळते, की अर्ध्या जागेवर रस्ता दाखवलाय.

घर, दुकान आणि हातगाडी

जागेवर आरक्षण पडले म्हणजे ती लगेच जात नाही. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांतही संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. रस्ता रुंदीकरणात जागा द्यावी लागली, तर रोख मोबदल्याऐवजी वाढीव चटई क्षेत्र किंवा टीडीआर घेता येतो. यातले काय फायद्याचे, हे जाणकाराला विचारूनच ठरवावे.

फळवाले, भाजीवाले, अत्तर-टोपीवाले यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात. त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात आणि अल्पसंख्याकांनाही प्रतिनिधित्व द्यायचे असते. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. म्हणून सर्वेक्षणाच्या दिवशी गाडीवर हजर राहणे फार महत्त्वाचे आहे.

हरकत कशी द्यावी?

- आधी पालिकेतून आपल्या जागेचा झोन दाखला आणि नकाशाचा भाग घ्या.
- अर्जात सिटी सर्व्हे नंबर लिहा, मिळकत पत्रिका जोडा. भाडेकरू असाल तर भाडेपावत्या आणि वीजबिल जोडा.
- फक्त 'विरोध आहे' असे लिहू नका. रस्ता दुसरीकडून कसा नेता येईल, मंडई कुठे बसेल, हे सुचवा.
- शिक्का मारलेली पोहोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा.
- सामाईक जागेसाठी मशीद किंवा कब्रस्तान ट्रस्टने ठराव करून वेगळी हरकत द्यावी.

नोटीस निघाली की तिची प्रत मशिदीच्या बोर्डावर लावावी, जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटे त्यावर बोलावे. नववी-दहावीच्या मुला-मुलींना नकाशा वाचता येतो. त्यांना सोबत घेऊन आपल्या गल्लीतली घरे एकदा मोजून पाहा. हे काम नोटिशीची वाट न पाहता आजही करता येते. मग ते तीस दिवस कागद गोळा करण्यात संपणार नाहीत.